नाम, क्रम आणि स्थान : लिनक्स प्रणालीतील नेटवर्क-नामांच्या स्थैर्याचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील नांदगाव हे गाव २०१० पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ वर होते. त्या वर्षीच्या नव्या क्रमांकनानंतर ते क्रमांक ६६ वर आले. गाव हलले नाही आणि या बदलासाठी रस्ताही हलला नाही. देवगडहून निपाणीकडे, म्हणजे फोंडा घाट चढून राधानगरीच्या वाटेने जाणारा रस्ता ज्या ठिकाणी या महामार्गास मिळतो, तो नांदगाव तिठा होता तेथेच राहिला. बदलले ते केवळ नाव. परंतु नाव बदलणे ही 'केवळ' म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट आहे काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास जितका जुना, तितकाच तो संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्यास नवा आहे. लिनक्स या संगणकप्रणालीत नेटवर्कच्या जोडण्यांना द्यावयाच्या नावांचा जो वाद सुमारे दोन दशके चालला, त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

प्रथम महामार्गांचे उदाहरण थोडे पुढे नेले पाहिजे, कारण त्यात प्रश्नाचे सर्व घटक उघडे दिसतात. जुने क्रमांक निरनिराळ्या काळी, जसजसे रस्ते राष्ट्रीय म्हणून स्वीकारले गेले तसतसे पडत गेले. क्रमांकावरून रस्ता देशाच्या कोणत्या भागात आहे याचा बोध होत नसे. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या प्रमुख मार्गांना सम क्रमांक दिले असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम क्रमांक दिले असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. पश्चिम किनाऱ्याने पनवेलहून कन्याकुमारीपर्यंत उतरणाऱ्या मार्गास ६६ हा मोठा सम अंक का मिळाला, हे नकाशा न पाहताही सांगता यावे अशी ही योजना आहे. शाखामार्गांच्या तीन अंकी क्रमांकांत शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे असतात. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा जो रस्ता पूर्वी २०४ होता, तो आता १६६ आहे. क्रमावरून पडलेले नाव जाऊन स्थानावरून पडलेले नाव आले, असे या घटनेचे थोडक्यात वर्णन करता येईल.

मात्र जुने अंक या व्यवहारात नाहीसे झाले नाहीत. ते दुसरीकडे गेले. १७ हा क्रमांक आता उत्तर बंगालातून आसामात गुवाहाटीकडे जाणाऱ्या मार्गाचा आहे. उलट, ६६ हा क्रमांक पूर्वी पुदुच्चेरीहून कृष्णगिरीस जाणाऱ्या मार्गाचा होता. मुंबई-पुणे-बंगळूर-चेन्नई या मार्गाचा जुना ४ क्रमांक तर समुद्र ओलांडून अंदमानात गेला. परिणाम असा की, २००९ सालच्या कागदातील 'रा. म. क्र. ६६' आणि २०१२ सालच्या कागदातील 'रा. म. क्र. ६६' ही अक्षरशः एकच नावे असून त्यांचे नामी भिन्न आहेत. निरर्थक झालेले नाव वाचकास थांबवते, निदान विचारात पाडते. अर्थ बदललेले नाव त्यास थांबवत नाही. ते खात्रीने चुकीच्या जागी नेऊन सोडते. हा भेद पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडेल.

आता संगणकाकडे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सच्या कर्नेलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, आरंभ केला. यंत्रात बसविलेल्या प्रत्येक नेटवर्क कार्डास हा कर्नेल एक नाव देतो. ईथरनेट पद्धतीच्या कार्डांसाठी ते नाव 'ईथ' या अक्षरांपुढे अंक लावून होत असे : ईथ०, ईथ१, ईथ२. ईथरनेट ही संज्ञा १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी योजिली. प्रकाशाचे वहन करणारे म्हणून एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्राने कल्पिलेले आणि पुढे टाकून दिलेले 'ईथर' हे द्रव्य तिच्या मुळाशी आहे. एका मृत कल्पनेचे नाव अशा रीतीने कोट्यवधी यंत्रांत जिवंत राहिले, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही. बीएसडी या भगिनी-प्रणालीने वेगळा मार्ग धरला होता. तेथे कार्डाचे नाव ते चालविणाऱ्या ड्रायव्हरवरून पडे, म्हणजे नावात जातीचा उल्लेख असे. लिनक्सने जात पुसून सर्वांस एकच आद्याक्षर दिले आणि भेद दाखविण्याचे काम सर्वस्वी अंकावर सोपविले.

हा अंक येत असे तो शोधाच्या क्रमाने. यंत्र सुरू होताना जे कार्ड कर्नेलला प्रथम आढळेल ते ईथ०, त्यानंतरचे ईथ१. बहुतेक यंत्रांत एकच कार्ड होते आणि ड्रायव्हर कर्नेलमध्येच बांधलेले असत, तोपर्यंत हा क्रम सहसा बदलत नसे. पुढे ड्रायव्हर स्वतंत्र घटकांच्या रूपाने आणि एकाच वेळी अनेक असे चढविले जाऊ लागले, चालू यंत्रात उपकरणे जोडण्याची व काढण्याची सोय आली, सर्व्हरच्या मुख्य पटावरच चार-चार जोडण्या येऊ लागल्या. तेव्हा कोणते कार्ड आधी जागे होईल हे निश्चित राहिले नाही. काल ईथ० असलेले कार्ड आज ईथ१ होई, आणि ईथ१ असलेले ईथ०.

यात बिघडते काय, हे पाहण्यासाठी एखाद्या कार्यालयातील दोन कार्डांचे यंत्र डोळ्यांपुढे आणावे. एका कार्डास कार्यालयातील संगणक जोडलेले आहेत, दुसऱ्यास बाहेरचे इंटरनेट. फायरवॉलच्या नियमात लिहिलेले असते की ईथ० वरून येणारे सारे आत घ्यावे आणि ईथ१ वरून येणारे अडवावे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि नावांची अदलाबदल झाली, तर नियमांतील एक अक्षरही न बदलता त्यांचा अर्थ उलटतो : घरच्यांस दार बंद आणि परक्यांस उघडे. दूरवरच्या शहरात ठेवलेला सर्व्हर असेल, तर तो पुन्हा सुरू केल्यावर त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच राहत नाही; कोणास तरी प्रवास करून यंत्रासमोर जावे लागते. ही ६६ क्रमांकाचीच गत होय. नाव नाहीसे झाले असते तर नियम लागू पडला नसता आणि दोष ध्यानात आला असता. नाव दुसऱ्यास चिकटल्यामुळे नियम बिनबोभाट लागू पडला.

क्रमावरून नाव देणे हाच मुळात दोष, असा निष्कर्ष यावरून पुष्कळांनी काढला. तो घाईचा आहे. महाराष्ट्रातील जमिनीचे सर्व्हे नंबर हेही मोजणीच्या क्रमाने पडलेले आहेत. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ज्या पाहणीस आरंभ केला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात जिची तत्त्वे स्थिर झाली, त्या पद्धतीत प्रत्येक शेतास गावापुरता एक अंक मिळाला, हद्दीच्या खुणा ठरल्या आणि तो अंक दप्तरात व नकाशावर चढला. त्यानंतर तो कोणी पुन्हा मोजला नाही. शेताची वाटणी झाली तर पोटहिस्स्याचा अंक जोडला गेला. शेजारच्या शेतांचे अंक त्यामुळे पुढे सरकले नाहीत. क्रम हा येथे नावाचा जन्म सांगतो, त्याचे आयुष्य ठरवीत नाही. लिनक्समध्ये मात्र दर दिवशी पहाटे तलाठ्याने शिवारात फिरावे आणि जे शेत आधी दिसेल त्यास एक नंबर द्यावा, असा प्रकार होता. उणीव होती ती दप्तराची.

हे दप्तर ठेवण्याचा पहिला व्यापक प्रयत्न 'यूडेव्ह' या उपप्रणालीच्या काळात झाला. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये पुढे आणलेल्या यूडेव्हने उपकरणांना नावे देण्याचे धोरण कर्नेलच्या बाहेर आणले. पुढे त्यात अशी सोय झाली की नवे नेटवर्क कार्ड प्रथम दिसताच त्याचा मॅक पत्ता आणि त्यास मिळालेले नाव एका फाइलमध्ये आपोआप लिहून ठेवले जाई व पुढील प्रत्येक वेळी त्या नोंदीप्रमाणे नाव दिले जाई. मॅक पत्ता म्हणजे कार्डावर कारखान्यातच कोरलेली ४८ बिटांची संख्या. सामान्यतः तिचा पूर्वार्ध उत्पादकाचा आणि उत्तरार्ध त्या विशिष्ट कार्डाचा असतो. क्रमनाम आणि स्थाननाम यांहून भिन्न असा हा तिसरा प्रकार झाला. त्यास देहनाम म्हणावे : कोठेही गेले तरी अंगाबरोबर जाणारे.

देहनामाचे दोष लवकरच दिसले. नादुरुस्त कार्ड काढून त्याच खाचेत, त्याच कामासाठी नवे कार्ड बसविले की दप्तर त्यास अनोळखी समजे आणि त्यास ईथ१ म्हणे. ईथ० हे नाव मृताच्या नावे राखीव राही. एका आभासी यंत्राची प्रत करून दुसरे यंत्र उभे केले की दप्तराचीही प्रत होई, आणि नव्या यंत्रात पूर्वजाच्या नोंदी राहत. व्यवस्थापकास हवे होते ते कामाचे नाव आणि दप्तर ठेवीत होते ते देहाचे. यांखेरीज एक तांत्रिक अडचण होती व तीच निर्णायक ठरली. दप्तरातील नावे आणि कर्नेल स्वतः वाटत असलेली नावे एकाच 'ईथ' मालिकेतील होती. ईथ० आणि ईथ१ यांची अदलाबदल करावयाची तर एकास काही काळ तिसरे नाव द्यावे लागे, आणि तेवढ्यात कर्नेल तेच मोकळे झालेले नाव एखाद्या नवागतास देऊन बसे. एकाच गावात दोन कुळकर्णी एकाच नंबरांचे वाटप करीत असावेत, असा हा घोळ होता.

डिस्कच्या बाबतीत हीच अडचण असूनही ती एवढी चिघळली नाही, याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. युनिक्सच्या परंपरेत डिस्क ही फाइलींच्या वृक्षात एक फाइल म्हणून दिसते आणि फाइलीस कितीही उपनावे देता येतात. म्हणून एकाच डिस्कला क्रमाचे, देहाचे, स्थानाचे अशी चार नावे एकाच वेळी असू शकली व ज्याने त्याने सोयीचे नाव वापरले. नेटवर्क इंटरफेस त्या वृक्षात नसतो. त्यास एकच नाव, आणि तेही पंधरा अक्षरांच्या आत. भाषेत सहसा न आढळणारी ही स्थिती आहे. मनुष्यसमाजात पर्यायी नावे ही अडगळ नसून सोय असते.

सर्व्हर बांधणाऱ्या डेल कंपनीने स्थाननामाची वाट धरली. यंत्राच्या मागील बाजूस जोडण्यांशेजारी १, २, ३, ४ असे अंक छापलेले असत, पण प्रणालीतील ईथ० म्हणजे त्यांपैकी कोणती जोडणी याचा नेम नसे. कोणत्या जोडणीवर कोणता अंक छापला आहे ही माहिती यंत्राच्या फर्मवेअरमध्ये नोंदविता येऊ लागल्यावर, तीवरून नाव देणारा 'बायोसडेव्हनेम' हा कार्यक्रम आला. २०११ च्या फेडोरा १५ या आवृत्तीने तो स्वीकारला. पटावरील पहिली जोडणी ईएम१, तिसऱ्या खाचेतील कार्डाची पहिली जोडणी पी३पी१, अशी ती नावे होती.

यूडेव्ह २०१२ मध्ये 'सिस्टमडी' या प्रकल्पात विलीन झाले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या १९७ व्या आवृत्तीने आजची पद्धत आणली. तीत नावांची एक उतरंड आहे. पटावरील जोडणीस फर्मवेअरने अंक दिला असल्यास ईएनओ१. खाचेचा अंक ज्ञात असल्यास ईएनएस१. तोही नसल्यास कार्ड ज्या बसवर व ज्या स्थानी आहे त्यावरून ईएनपी२एस०, म्हणजे दुसऱ्या बसवरील शून्याव्या स्थानी असलेले ईथरनेट कार्ड. मॅक पत्त्यावरून नाव देण्याची सोयही ठेवली आहे : 'ईएनएक्स' या तीन अक्षरांपुढे पत्त्याची बारा अक्षरे. तीन आणि बारा मिळून बरोबर पंधरा होतात, म्हणजे कर्नेलची मर्यादा काठोकाठ भरते. बिनतारी कार्डांस 'डब्ल्यूएल' हे आद्याक्षर मिळाले. 'ईथ' ही मालिका टाळल्यामुळे दोन कुळकर्ण्यांचा तंटाही मिटला. फेडोरा १९ ने २०१३ मध्ये, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ ने २०१४ मध्ये, उबुंटू १५.१० ने २०१५ मध्ये आणि डेबियन ९ ने २०१७ मध्ये ही पद्धत स्वीकारली.

या पद्धतीच्या जनकांनी तिला अनुमेय नावांची पद्धत म्हटले. रेड हॅटच्या ग्रंथांत तिचाच उल्लेख सुसंगत नावांची पद्धत असा येतो. नावांच्या स्थैर्यासाठी निघालेल्या पद्धतीस स्वतःस दोन नावे असावीत हा योगायोग मनोरंजक आहे, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की ते दोन शब्द समानार्थी नाहीत. यंत्राची रचना ज्यास ठाऊक आहे त्यास नाव आधी सांगता येणे ही अनुमेयता. रचना बदलली तरी नाव टिकणे हे स्थैर्य. स्थाननाम पहिल्याची हमी देते, दुसऱ्याची नव्हे. यंत्रात एखादे नवे कार्ड बसविले तर बसगाड्यांच्या थांब्यांप्रमाणे पुढील बसचे अंक एकाने सरकू शकतात, आणि ज्या नेटवर्क कार्डास कोणी हातही लावला नाही त्याचे ईएनपी३एस० हे नाव ईएनपी४एस० होते. व्यवस्थापकांची या बाबतीतील तक्रार रास्त आहे. नाव स्थानावरून दिले की ते शेजाऱ्यांच्या स्वाधीन होते.

कोकणातील आडनावांचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. गावाच्या नावास 'कर' लावून झालेले आडनाव हे मूलतः स्थाननाम. परंतु नांदगावात कोणास नांदगावकर म्हणून ओळखण्यात अर्थ नाही, कारण त्याने कोणीच वेगळा पडत नाही. ते नाव कामास येते ते गाव सोडल्यावर, मुंबईत किंवा बेळगावात. आणि तेथे तीन पिढ्या गेल्या तरी ते बदलत नाही. म्हणजे स्थाननाम म्हणून जन्मलेले नाव देहनाम होऊन बसते. नावाची उत्पत्ती आणि नावाचा निर्वाह ही दोन निराळी प्रकरणे आहेत, हे सर्व्हे नंबरांनी दाखविले तेच आडनावांतही दिसते.

नाव कोणत्या परिघात वापरले जाते यावरही पुष्कळ अवलंबून असते. नांदगावे महाराष्ट्रात अनेक आहेत : नाशिक जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण, अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर, रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर आणखी एक. कणकवलीच्या बाजारात नुसते 'नांदगाव' म्हटले की पुरते. रेल्वेच्या परिघात ते पुरत नाही, कारण नाशिक जिल्ह्यातील नांदगाव हे मनमाड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यानचे जुने स्थानक आहे. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवरील स्थानक 'नांदगाव रोड' या नावाने ओळखले जाते. 'रोड' हे उपपद रेल्वेच्या परिपाठात गाव स्थानकापासून दूर असल्याचे सुचविते. पण तिकिटाच्या खिडकीवर ते भेदक म्हणूनही काम करते. बुद्रुक आणि खुर्द या फारसी विशेषणांनी हेच काम गावगाड्यात शतकानुशतके केले. संगणकातही असेच झाले आहे. सर्व्हरवर ईथ० मागे पडले तरी डॉकरसारख्या साधनाने चालविलेल्या प्रत्येक कंटेनरच्या आत ते आजही नांदते. कंटेनरचा नामपरिघ स्वतंत्र असतो, त्यात बहुधा एकच जोडणी असते, आणि एकट्यास कोणतेही नाव चालते.

ईथ० च्या लोकप्रियतेस आणखी एक बाजू आहे. ते तोंडात बसते. ईएनपी२एस० हे उच्चारण्याचे नाव नव्हे; ते वाचण्याचे, किंबहुना उलगडण्याचे नाव आहे. म्हणून सुरू होतानाच कर्नेलला सूचना देऊन नवी पद्धत बंद ठेवणारे व्यवस्थापक आजही आढळतात. एकच कार्ड असलेल्या यंत्रात यात फारसे वावगे नाही. महामार्गावरही याहून निराळे घडत नाही : १७ गेला, ६६ आला, पण बोलण्यात तो 'मुंबई-गोवा' किंवा नुसता 'हायवे' असतो. सरकारी अंक ज्या स्थैर्याची ग्वाही देऊ शकला नाही ते या दोन गावांच्या जोडनावाने दिले. आणि हे जोडनाव तर अचूकही नाही, कारण रस्ता मुंबईस सुरू होत नाही आणि गोव्यास संपतही नाही.

सिस्टमडीच्या कर्त्यांसही नियम पुढे सुधारावे लागले. एका भौतिक कार्डातून निघणाऱ्या अनेक आभासी जोडण्यांची व्यवस्था २०१८ मधील २३९ व्या आवृत्तीने बदलली आणि त्यामुळे काही यंत्रांवरील नावे पुन्हा सरकली. यावर त्याच वर्षाच्या अखेरीस २४० व्या आवृत्तीत उपाय निघाला तो असा की, नामकरणाच्या नियमांच्या प्रत्येक संचास स्वतंत्र नाव द्यावे आणि अमुक संचाप्रमाणे नावे दे असे यंत्रास सांगता यावे. नावे स्थिर ठेवण्यासाठी नियम, आणि नियम स्थिर ठेवण्यासाठी नियमांची नावे : व्याकरणकारास परिचित अशीच ही पायरी आहे. ज्यांस हेही नको त्यांच्यासाठी जुनी दत्तनामाची वाट खुली आहे. व्यवस्थापक एका छोट्या फाइलमध्ये मॅक पत्ता किंवा स्थान लिहून त्यापुढे 'आतले', 'बाहेरचे' अशा अर्थाचे कामाचे नाव लिहितो. 'ईथ' मालिकेतील नाव त्याने घेऊ नये, एवढेच पथ्य. अनेक कार्डांच्या यंत्रावर, जेथे फायरवॉलचे नियम नावांवर उभे आहेत तेथे, हा मार्ग इतर सर्वांहून श्रेयस्कर मानला पाहिजे, कारण त्यात नोंद ठेवणारा आणि नाव वापरणारा एकच असतो.

जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.५ या कर्नेलने एकनामाचे बंधन अखेर सैल केले. तेव्हापासून एका नेटवर्क इंटरफेसला मुख्य नावाखेरीज अनेक पर्यायी नावे देता येतात आणि अशा नावाची लांबी १२७ अक्षरांपर्यंत असू शकते. स्थानाचे, देहाचे आणि कामाचे नाव एकाच जोडणीवर आता शेजारी शेजारी राहू शकते. पंधरा अक्षरांची जुनी मर्यादा मुख्य नावास मात्र आहे तशीच आहे.